नवा रंग, मंद दिवे: जुन्या गाडीच्या प्लॅस्टिक काचांवर उडालेला रंग कसा काढायचा

गाडी रंगवून आणली की महिन्याभरात ती माझ्याकडे येते आणि मालकाचं म्हणणं ठरलेलं असतं. "रंग झकास झालाय, पण मागचे लाईट मंद झालेत. वायरिंग बघा जरा." मी सांगलीत गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. पद्मिनी, ॲम्बेसेडर, जुन्या जीप, सुरुवातीच्या मारुती अशा गाड्या जास्त येतात. रंगकामानंतर आलेल्या गाड्यांत बहुतेक वेळा वायरिंगला काहीच झालेलं नसतं. टेललाइटच्या काचेवर रंगाचा बारीक फवारा बसून वाळलेला असतो आणि उजेड त्याच्या आड अडकलेला असतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी शहरात शिरलं तेव्हा कितीतरी जुन्या गाड्या जागेवरच बुडाल्या. पाणी ओसरल्यावर आधी इंजिन, मग वायरिंग, मग गंजलेला पत्रा आणि सगळ्यात शेवटी रंग, असा कामाचा क्रम लागला. त्यानंतरची दीड-दोन वर्षं हा दोष माझ्याकडे सतत येत राहिला. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला आणि पुन्हा तेच. शेडमध्ये गाड्यांची रांग, पेंटरच्या मागे घाई, आणि टेललाइट न काढता वर्तमानपत्र चिकटवून मारलेला स्प्रे.

दिव्यावरच्या झाकणाला आपण सगळे काच म्हणतो आणि घोटाळा इथेच सुरू होतो. काच म्हटलं की पेंटर थिनरचा बोळा फिरवतो, मालक दाढीचं ब्लेड घेतो. खऱ्या काचेवर दोन्ही चालतं. पण जुन्या गाडीची टेललाइटची आणि इंडिकेटरची काच बहुधा ॲक्रिलिक प्लॅस्टिकची असते. तिला थिनर लागला की नुकसान कायमचं. दुकानात हाच शब्द चालतो म्हणून मीही पुढे 'काच' असंच लिहिलं आहे. हात लावताना मात्र ती प्लॅस्टिक आहे हे लक्षात ठेवा.

माधवनगरचे एक निवृत्त शिक्षक आहेत. वडिलांची पद्मिनी त्यांनी जिवापाड जपली आहे. रंगकाम झाल्यावर काचेवरचे ठिपके त्यांनी पेंटरला दाखवले. त्याने थिनरने एका मिनिटात काच लखलखीत करून दिली. संध्याकाळी सर खूश होते. दुसऱ्या दिवशी सकाळी स्क्रूच्या भोकांभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा उमटल्या होत्या आणि आठवड्यात त्या काचभर पसरल्या. तसा जोड शोधायला सरांना आठ महिने लागले. तेव्हापासून रंगकामाला निघालेली गाडी माझ्याकडे वायरिंगसाठी आली, तर मालकाला मी हे आधीच सांगतो.

लक्षणं

नुसते पार्किंग किंवा रात्रीचे लाईट लावले की मागचा उजेड फिकट दिसतो, पण ब्रेक दाबला की ठीक वाटतो. याचं कारण साधं आहे. जुन्या गाड्यांत मागे बहुधा दोन तारांचा, म्हणजे आत दोन फिलामेंट असलेला, एकच बल्ब असतो. त्यातली टेललाइटची तार ५ वॅटची आणि ब्रेकची २१ वॅटची. २१ वॅट रंगाच्या थराला भेदून जातात, ५ वॅट तिथेच मरतात. म्हणून मालकाला वाटतं, ब्रेकलाइट चांगला आहे म्हणजे काच चांगली आहे.

काचेवर बोटं फिरवली तर खरखर लागते, अगदी बारीक वॉटर पेपरसारखी, म्हणजे पाणी लावून घासायच्या पॉलिश पेपरसारखी. हाताला कळत नसेल तर हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून बोटं फिरवा, तीच खरखर चौपट जाणवते.

ठिपके सगळीकडे सारखे नसतात. ज्या पत्र्यावर स्प्रे मारला त्या बाजूला दाट आणि पलीकडे विरळ होत गेलेले असतात. डाव्या मडगार्डचं काम झालं असेल तर डाव्या काचेची कडा जास्त खराब. शेजारच्या रबरावर आणि क्रोमच्या कड्यावरही तेच कण सापडतात. मेटॅलिक रंग असेल तर उन्हात काच चमचमते.

रंगच आहे का, ते आधी बघा

याला पैसे लागत नाहीत. पहिलं काम म्हणजे काच काढून दिवे लावा आणि उघडा बल्ब बघा. डावा-उजवा सारखाच आणि स्वच्छ पेटत असेल तर दोष काचेत. उघडा बल्बच पिवळट, मरगळलेला पेटत असेल तर काच घासून काही उपयोग नाही, अर्थिंग बघा, म्हणजे दिव्यातला करंट गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत जाण्याची वाट. रंगकामात हा दुसरा दोषही हमखास तयार होतो. पेंटर बल्बच्या घराखालच्या पत्र्यावरही रंग मारतो, आणि तिथूनच दिव्याला अर्थ मिळत असतो. मल्टीमीटर असेल तर दिवा पेटता ठेवून होल्डरचा पत्रा आणि बॅटरीची निगेटिव्ह यांच्यामधलं व्होल्टेज मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थची जागा घासून स्वच्छ करा. पुरात बुडालेल्या गाडीत ही तपासणी चुकवूच नका. तिच्यात गंज आणि रंग दोन्ही असतात. मी एकदा एकाच ॲम्बेसेडरच्या डाव्या बाजूला अर्थ आणि उजव्या बाजूला काच असे दोन वेगळे दोष काढले आहेत. मालकाला मात्र दोन्हीकडे एकच लक्षण दिसत होतं.

दुसरं काम पाण्याचं. काच ओली करा आणि निरखून बघा. ओली असताना धुरकटपणा नाहीसा झाला आणि वाळल्यावर परत आला, तर ते बारीक ओरखडे आहेत. पाणी ओरखड्यात भरतं आणि तेवढ्यापुरता प्रकाश सरळ जातो. ओल्या काचेवरही ठिपके तसेच दिसले तर तो रंग.

तिसरं, ठिपके आत आहेत की बाहेर? आतल्या बाजूला वाफ धरलेली असेल तर रबरी गॅस्केट गेलेलं आहे, तो वेगळा विषय. काचेच्या अंगातच चकाकणाऱ्या बारीक रेषा असतील, बोटाला मात्र गुळगुळीत लागत असेल, तर तिला जाळी पडलेली आहे. बहुधा आधी कुणीतरी थिनर किंवा पेट्रोल लावून गेलेलं आहे. जाळी पडलेली काच कशानेही दुरुस्त होत नाही. तिथे पुढचं काही करू नका.

आणि लाल काच उन्हाने नारिंगी-गुलाबी झालेली असेल तर तेही रंगाचं काम समजू नका. तो प्लॅस्टिकचा मूळ रंग उडालेला असतो आणि घासून तो परत येत नाही.

काच की प्लॅस्टिक, आणि कुठला रंग

पद्मिनी, ॲम्बेसेडर आणि जुन्या जीपचे पुढचे गोल हेडलाइट खऱ्या काचेचे असतात. त्यांचं काम सोपं: साबणाचं पाणी लावा, नवं ब्लेड अगदी आडवं धरा, रंग पापुद्र्यासारखा निघतो. पुढचे छोटे इंडिकेटर, मागचे दिवे आणि नंबरप्लेटच्या दिव्याची टोपी मात्र बहुधा प्लॅस्टिक. शंका असेल तर नखाने टिचकी मारा. काच खणखणते, प्लॅस्टिक बद्द वाजतं. सकाळच्या गारव्यात गालाला लावून बघितलं तर काच गार लागते, प्लॅस्टिक तेवढं लागत नाही. नव्या गाड्यांच्या प्लॅस्टिकच्या हेडलाइटना हे काही लावू नका. ते पॉलिकार्बोनेटचे असतात आणि त्यांच्यावर उन्हापासून जपणारा कडक थर असतो. तो घासला गेला की वर्षभरात काच पिवळी पडायला लागते. जुन्या गाडीला कुणी असे दिवे बसवले असतील तर तेही तिथेच सोडा.

आता उडालेला रंग कुठला आहे ते कळलं पाहिजे. पेंटरला विचारलंत तर तो सांगेलच, पण बऱ्याचदा गाडी तिसऱ्या हातून आलेली असते. तेव्हा मी समोरच्या मोठ्या काचेवर ठिपके शोधतो. ती खरी काच असल्यामुळे थिनरची चाचणी तिथे घेता येते. कापसाचा छोटा बोळा थिनरमध्ये भिजवून पिळायचा, रबरापासून आणि रंगवलेल्या पत्र्यापासून चार बोटं लांब एका ठिपक्यावर दहा सेकंद धरायचा.

ठिपका विरघळून बोळ्याला रंग आला तर तो एनसी, म्हणजे आपल्याकडे ज्याला ड्युको म्हणतात तो. तो नुसता थिनर उडून वाळतो, म्हणून थिनर लागला की परत पातळ होतो. ठिपका सुरकुतला, फुगला तर साधा एनॅमल. काहीच झालं नाही तर टू-के. त्यात रंग आणि हार्डनर यांची रासायनिक क्रिया होऊन तो कडक होतो आणि वाळल्यावर थिनरला दाद देत नाही. ही चाचणी कधीही प्लॅस्टिकवर करायची नाही. तिचा उपयोग एवढाच की पुढच्या पायऱ्यांपैकी कुठली चालेल याचा अंदाज येतो. टू-के असेल तर रॉकेलवर वेळ घालवण्यात अर्थ नसतो.

गाडीवरून काच काढा

स्क्रू काढून काच टेबलावर घ्या. त्यात फक्त सोयीचा विचार नाही. स्क्रू आवळलेले असताना भोकांभोवती प्लॅस्टिक ताणलेलं असतं. ताणलेल्या ॲक्रिलिकला कुठलंही द्रावण लागलं की ते आत शिरून तो ताण मोकळा करतं आणि तिथूनच जाळी फुटते. सरांच्या काचेला पहिल्या रेषा स्क्रूपाशीच आल्या होत्या त्या यामुळे.

स्क्रू गंजून बसलेले असतील तर जोर लावू नका. गंज सोडवणारं तेल काडीने फक्त स्क्रूच्या डोक्यावर लावा, रात्रभर ठेवा, सकाळी आधी किंचित आवळून मग सोडा. तेल प्लॅस्टिकवर ओघळू देऊ नका. डोकं घासलं गेलं तर तिथेच थांबा आणि ड्रिल चालवणारा अनुभवी माणूस गाठा. पन्नास रुपयांच्या स्क्रूपायी न मिळणारी काच फोडलेली मी पाहिली आहे.

साबण आणि नख

कोमट पाण्यात कार शॅम्पू किंवा भांड्यांचा पातळ साबण घ्या आणि काच अर्धा तास बुडवून ठेवा. मग बोटाच्या पेराने चोळा. यात काय निघतं? धूळ, पॉलिशचा मेण आणि सगळ्यात लांबून आलेला रंग. गनमधून निघालेला थेंब हवेतून जाताना वाळत जातो. लांब पोचलेला थेंब जवळजवळ कोरडा होऊन काचेवर टेकतो, त्यामुळे त्याची पकड कच्ची असते. जवळून बसलेला थेंब ओला असतो आणि त्यातला थिनर प्लॅस्टिकला चावून बसतो. म्हणून एकाच काचेवर अर्धे ठिपके साबणाने जातात आणि कडेचे हटत नाहीत.

रंगकाम त्याच दिवशीचं किंवा आदल्या दिवशीचं असेल तर टू-केसुद्धा नखाने निघू शकतो. म्हणून गाडी ताब्यात घेतानाच काचांवर हात फिरवा. चार दिवस गेले की तेच काम चौपट होतं.

नख पुरत नसेल तर जुनं एटीएम कार्ड किंवा आइसक्रीमचा लाकडी चमचा घ्या. काच ओली ठेवा, कार्ड आडवं धरा. लोखंडी काहीही नको. भांड्यांची हिरवी घासणीही नको. ती इतके खोल ओरखडे पाडते की पुढे तेच काढण्यात दिवस जातो.

क्ले बार

माझी सर्वांत जास्त कामं या एका पायरीवर संपतात. क्ले बार ही कार ॲक्सेसरीजच्या दुकानात मिळणारी चिकणमातीसारखी मऊ वडी असते. तीन-चारशे रुपयांची एक वडी दहा-बारा गाड्यांच्या काचांना पुरते. ती रंग विरघळवत नाही. काचेवर वर आलेला कण तिच्यात रुततो आणि उपटला जातो, खालची सपाट जागा तशीच राहते. म्हणून प्लॅस्टिकला तिची भीती नाही.

भीती कोरड्या घासण्याची आहे. काच आणि वडी दोन्ही साबणाच्या पाण्याने निथळत असली पाहिजेत. दोन बोटांएवढा तुकडा काढा, चपटा करा आणि आडव्या-उभ्या सरळ रेषांत हलक्या हाताने फिरवा. पहिल्यांदा करकर आवाज येतो आणि वडी अडखळते. कण निघत गेले की आवाज बंद होतो, वडी लोण्यावरून फिरल्यासारखी चालते. तो आवाज ऐकायला शिका, डोळ्यांपेक्षा आधी तोच सांगतो. दर मिनिटाला वडी दुमडून स्वच्छ बाजू वर घ्या, नाहीतर उपटलेला रंगच काचेवर घासला जाईल. वडी जमिनीवर पडली तर ती टाकून द्या. तिला चिकटलेली वाळू धुऊन निघत नाही.

एका काचेला वीस मिनिटं द्या. जुन्या काचांना बाहेरून उभ्या खाचा असतील तर वडीचा दोरा वळून खाचेत फिरवा. खाचा नसतील तर हे काम अगदी आरामात होतं.

रॉकेल किंवा टर्पेंटाइन

एवढं करूनही कडेला ठिपके राहिले आणि रंग एनॅमल निघाला असेल, तर रॉकेल. ते आता सहज मिळत नाही, म्हणून पेंटच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाइन घ्या. ॲक्रिलिकला रॉकेल सहसा त्रास देत नाही. थिनरमध्ये असलेले टोल्युईन, ॲसिटोनसारखे पदार्थ मात्र ॲक्रिलिकच विरघळवतात.

तरी थेट लावू नका. काचेच्या गॅस्केटखाली झाकल्या जाणाऱ्या कडेवर एक थेंब लावा, मिनिटाभराने पुसा आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबा. जाळी लगेच दिसत नाही. काही तासांनी, कधी रात्रभराने येते. कडा तशीच स्वच्छ राहिली तर पुढे चला. जुन्या बनियनचा मऊ तुकडा ओलसर करा, ठिपक्यावर अर्धं मिनिट ठेवा, चोळा आणि लगेच साबणाच्या पाण्याने धुवा. तीन वेळा केलं तरी फरक नसेल तर चौथ्यांदा करू नका. हे काम उघड्यावर करा, विडी-सिगारेट लांब ठेवा आणि चिंध्या गोळा करून शेडमध्ये टाकू नका.

एनसी रंग रॉकेलला जुमानत नाही आणि टू-केही नाही. त्या दोघांना पुढची पायरी.

काय लावायचं नाही तेही सांगतो, कारण लोक घरात असेल ते आणतात. थिनर नाही. नेलपॉलिश रिमूव्हर नाही, त्यात बहुधा ॲसिटोन असतो. पेट्रोल नाही, त्यात ॲक्रिलिकला घातक घटक असतात आणि आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉलही असतं. ब्रेक ऑइल नाही. मॉडेल बनवणारी मुलं प्लॅस्टिकवरचा रंग काढायला ते वापरतात हे खरं, पण त्याचा एक थेंब नव्या रंगवलेल्या पत्र्यावर पडला तर तिथला रंग फुगून निघतो.

कंपाउंड, हातानेच

प्लॅस्टिकसाठी मिळणारं पॉलिश उत्तम. नसेल तर फाइन रबिंग कंपाउंड, म्हणजे घासून चमक आणणारी बारीक कणांची पेस्ट घ्या, जाड कापणारं नको. मिरजेत सतार बनवणारे कारागीर भोपळ्याला पॉलिश चढवताना कापूस कापडात बांधून जशी पुरचुंडी करतात, तशी मी करतो. पुरचुंडीचा दाब सगळीकडे सारखा पडतो, बोटांचा पडत नाही. चिमूटभर कंपाउंड, दोन थेंब पाणी आणि हात हलका. पाच मिनिटं घासा, पुसा, बघा, पुन्हा.

मशीन लावण्याचा मोह होतो. ॲक्रिलिक शंभर अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि बफिंगचं मशीन एका जागी काही सेकंद थांबलं तरी काच तेवढी तापते. मग तिथे सुरकुतलेला डाग पडतो. हाताने घासताना काच गरम लागायला लागली तर तिला गार होऊ द्या, तोपर्यंत दुसरी घ्या.

आतली बाजू घासायची नाही. मागच्या लाल काचेचा जो भाग रात्री मागून येणाऱ्या गाडीच्या उजेडात चमकतो, त्याच्या आत बारीक कोपऱ्यांच्या खळग्यांची जाळी कोरलेली असते. तो रिफ्लेक्टर. उजेड त्या कोपऱ्यांवर आपटून आला तिकडेच परत जातो. ते कोपरे गोल झाले तर गाडी बंद असताना अंधारात मागून कुणाला दिसणार नाही. उसाच्या ट्रॉल्यांमागून रात्री येणाऱ्या कुणालाही विचारा, हा रिफ्लेक्टर काय कामाचा असतो ते. आत रंग गेला असेल तर फक्त साबणाचं पाणी आणि मऊ दातघासणी.

वॉटर पेपर: शेवटचा उपाय

इथपर्यंत आलात आणि तरीही टू-केचे ठिपके बसलेलेच आहेत, तर पेपर लागेल. हे करण्याआधी स्वतःला एक विचारा: ही काच बिघडली तर दुसरी मिळणार आहे का? पद्मिनी बनायची बंद होऊन पंचवीसेक वर्षं झाली. ॲम्बेसेडर २०१४ मध्ये थांबली. मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेल्या, त्यामुळे त्यांच्यासाठी म्हणून बाजारात फिरणारे जोडही आता आटत जातील. नव्या बनवलेल्या काचा मिळतात, पण मला त्यांची लाली जुनीसारखी वाटत नाही आणि कडाही गॅस्केटमध्ये नीट बसत नाहीत. मिळणारच नाही असं उत्तर आलं तर थोडे ठिपके राहू द्या. त्यांच्यासह दिवा चालतो.

करायचंच असेल तर २००० नंबरने सुरुवात करा (नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक). त्याने अजिबात हलत नसेल तरच १५०० घ्या, मग परत २०००, मग ३०००. पेपर पंधरा मिनिटं पाण्यात भिजवा, पाण्यात साबणाचे दोन थेंब टाका. पेपर बोटाला गुंडाळू नका, खोडरबराच्या सपाट तुकड्याला गुंडाळा, म्हणजे खड्डे पडत नाहीत. एका नंबरला आडवं घासलं तर पुढच्याला उभं घासा. नवा पेपर आधीच्या सगळ्या रेषा पुसेपर्यंत थांबायचं नाही, आणि त्या पुसल्या की पुढे घासायचं नाही. नंबर बदलताना काच, हात आणि पाणी तिन्ही बदला, नाहीतर आधीचा एक कण शेवटपर्यंत ओरखडे काढत राहतो. ३००० नंतर काच एकसारखी धुरकट दिसते आणि लोक घाबरतात. ती तशीच दिसायला हवी. कंपाउंडने ती परत उघडते.

टू-के कोरडा कधीच घासू नका, त्याची धूळ फुप्फुसात जाऊ देण्यासारखी नसते. ओलं घासणं काचेलाही बरं आणि तुम्हालाही. काचेवर कोरलेली अक्षरं आणि खुणा असतील त्या जागा टेपने झाका. बाहेरून खाचा असलेल्या काचेला पेपर लावायचाच नाही. खाचांची टोकं झिजतात, खोलातला रंग तसाच राहतो आणि उजेड वाकडातिकडा फेकला जातो.

थांबायचं कधी

जाळीची एक जरी रेषा दिसली तर थांबा. ठिपक्याखाली काच खडबडीत, चावलेली दिसली, म्हणजे बोटाला खड्डा लागला, तर रंगातल्या थिनरने काचच खाल्ली आहे. ते रंग काढण्याचं काम उरलेलं नाही. डिटेलिंगचं काम करणाऱ्या, ॲक्रिलिक हाताळलेल्या माणसाला दाखवा. दाखवताना आधीच विचारा, "प्लॅस्टिकच्या टेललाइटवर काम केलंय का, आणि कशाने?" उत्तरात थिनर आला तर काच उचला आणि निघा.

दिवा चिकटवून बंद केलेला असेल आणि रंग आत गेला असेल तर ओव्हनमध्ये तापवून उघडण्याचे प्रयोग घरी करू नका. गाडी दुर्मिळ असेल, काच मूळ कंपनीची असेल, तर क्ले बारपर्यंत जा आणि पुढचं सरळ जाणकारावर सोपवा. आणि उघडा बल्बच मंद पेटत असताना अर्थ साफ करूनही फरक पडला नाही, तर वायरिंगवाला गाठा. पुरात राहिलेल्या गाडीची वायर वरून चांगली आणि आतून हिरवी पडलेली असते. ती शोधायला वेळ आणि मीटर दोन्ही लागतं.

परत बसवताना

गॅस्केट धुऊन वाळवा, कडक झालं असेल तर बदला. स्क्रू एकदम आवळू नका. सगळे बोटांनी टेकवा, मग समोरासमोरचे थोडे थोडे आवळा. गॅस्केट किंचित दबलं की बस. जास्त आवळलेला स्क्रू म्हणजे तोच ताण परत. बल्ब बघून घ्या: ५ वॅटच्या जागी २१ वॅटचा घालून मंदपणावर उपाय केलेल्या गाड्या येतात, आणि त्यांच्या काचा उष्णतेने आतून सुजलेल्या असतात.

पुढच्या वेळी गाडी रंगाला देताना काचा घरी काढून ठेवा आणि पेंटरला बल्बही काढलेलेच द्या. होल्डरच्या तोंडात चिंधी कोंबून द्या. पेंटर म्हणेल, "साहेब, आम्ही टेप लावतो की." वर्तमानपत्रातून थिनर पाझरतो आणि टेपच्या कडेखालून फवारा शिरतो. पेंटरने काच काढली नाही की ती तशीच झाकली जाते, म्हणून आपल्या हाताने काढलेली बरी. पद्मिनीच्या दोन्ही बाजूंच्या काचा काढायला मला दहा मिनिटं लागतात, नवख्याला अर्धा तास. रंगकाम झाल्यावर अर्थच्या जागेवरचा रंग वॉटर पेपरने उघडा करा आणि मगच दिवे बसवा.

सगळं झालं की दिवेलागणीला गाडी भिंतीकडे पाठ करून चार हात लांब उभी करा. आधी नुसते लाईट लावा आणि भिंतीवर पडलेले दोन लाल डाग सारखे आहेत का ते बघा, मग कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. एक डाग फिका असेल तर डाव्या-उजव्या बल्बची अदलाबदल करून बघा. फिकेपणा बल्बाबरोबर सरकला तर बल्ब बदला, नाही सरकला तर त्या बाजूचं अर्थिंग एकदा बघा आणि काच परत टेबलावर घ्या.